पांढरा बार्बेक्यू सॉस: प्रकल्प नोंदी, हंट्सव्हिल (अलाबामा)

२२ मार्च २०२५, शनिवार

उत्तर अलाबामातला पांढरा बार्बेक्यू सॉस घरी बसवायचा, तोही ग्रॅममध्ये. मेयोनीजची बरणी बदलली, व्हिनेगर बदललं, तरी कुठे किती कमी-जास्त करायचं ते कळलं पाहिजे. या नोंदी त्यासाठीच.

सॉसचं मूळ गाव डेकेटर. टेनेसी नदीच्या काठी, आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत. रेल्वेत नोकरी करणारे बॉब गिब्सन यांनी १९२५ मध्ये घराच्या परसात खड्डा खणून मांस भाजायला आणि शेजारपाजाऱ्यांना विकायला सुरुवात केली. ‘बिग बॉब गिब्सन’ या नावाने ते हॉटेल डेकेटरमध्ये आजही चालू आहे. तिथली पद्धत अशी: कोंबडी उभी चिरून दोन भाग करायचे, हिकरी या अमेरिकी झाडाच्या लाकडावर सुमारे तीन तास भाजायचे आणि भट्टीतून काढल्या काढल्या पांढऱ्या सॉसच्या भांड्यात अख्खे बुडवून बाहेर घ्यायचे. इतर ठिकाणचे सॉस टोमॅटोचे, मोहरीचे किंवा नुसत्या व्हिनेगरचे. मेयोनीजचा हा एवढाच, आणि तो कोंबडीसाठीच जन्माला आला. डुकराच्या खांद्याला स्वतःची चरबी असते, तीन-चार तासांनी तो सुकत नाही. कोंबडीची छाती सुकते. मेयोनीजमधलं तेल तिला ओलावा देतं आणि व्हिनेगर त्या तेलाचा जडपणा कापतं.

सॉस कसा हवा ते आधी ठरवलं. पळीवाढा हवा, भज्यांसोबत ठेवतात तसल्या डिपसारखा घट्ट नको. आंबटपणा पुढे, मिरी लगेच मागे, नाकात किंचित झणका आणि गोडवा फक्त आंबटाची धार मोडण्यापुरता. शिवाय चव ठरवायची ती गरम कोंबडीवर. चमच्याने चाखून जो सॉस बरोबर वाटतो तो कोंबडीवर मिळमिळीत पडतो.

२३ मार्च, रविवार

मेयोनीज निवडणं. अमेरिकेच्या नियमानुसार ‘मेयोनीज’ असं लिहिलेल्या बरणीत वजनाने निदान ६५ टक्के वनस्पती तेल आणि अंड्याचा बलक लागतो. तिच्या शेजारीच ‘सॅलड ड्रेसिंग’ लिहिलेली, दिसायला अगदी तशीच बरणी असते. तिला ३० टक्के तेल पुरतं, बाकीचं काम शिजवलेला स्टार्च आणि साखर करतात. ती या सॉसला चालत नाही. व्हिनेगर घातल्यावर ती पातळ होते खरी, पण जिभेवर पिठूळ लागते आणि गोडी जात नाही.

खऱ्या मेयोनीजमध्येही फरक आहेत. दक्षिणेतलं ‘ड्यूक्स’ हे १९१७ पासूनचं, साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावचं. त्यात साखर नाही, म्हणून गोडी आपल्या हातात राहते. ‘हेलमन्स’मध्ये थोडी साखर असते. ते वापरलं तर आपली साखर अर्धी करायची, बाकी माप तेच.

मोजमाप कपाने करायचं नाही. कपात मेयोनीज भरताना हवेच्या पोकळ्या राहतात आणि वजन दर वेळी वेगळं भरतं. वाडगा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करायचा, की झालं.

२९ मार्च, शनिवार

घरचं मेयोनीज, हँड ब्लेंडरवर.

एक मोठं अंडं (सोललेलं ५० ग्रॅम), पिवळी मोहरीची पेस्ट ५ ग्रॅम, पांढरं व्हिनेगर १५ मिली, मीठ ३ ग्रॅम, सोयाबीन किंवा कॅनोला तेल २४० मिली (सुमारे २२० ग्रॅम). अंडं शेल-पाश्चराइज्ड, म्हणजे कवचासकट गरम पाण्यात बेतशीर तापवून जंतू मारलेलं. सगळं खोलीच्या तापमानाला आलेलं.

भांडं अरुंद हवं. ब्लेंडरचं तोंड जेमतेम आत जाईल, बाजूला बोटभरापेक्षा जास्त जागा उरणार नाही, इतकं अरुंद. आधी अंडं, त्यावर मोहरी, मीठ, व्हिनेगर, शेवटी तेल. तेल वर तरंगेपर्यंत थांबायचं. ब्लेंडर तळाला टेकवून बलक त्याच्या तोंडाखाली झाकला जाईल असा धरायचा आणि चालू केल्यावर १५ ते २० सेकंद जागचा हलवायचा नाही. तळातून पांढरे ढग वर येताना दिसतात. खालचा अर्धा भाग पांढरा झाला की मग तो तिरका करत हळूहळू वर घ्यायचा.

रुंद पातेल्यात हीच रीत फसते. पहिल्या फिरक्यातच अंड्यापेक्षा तेल जास्त ओढलं जातं आणि तेलाचे थेंब पाण्यात अडकण्याऐवजी पाण्याचे थेंब तेलात अडकतात. पिवळं, पातळ, तेलकट पाणी दिसलं तर मेयोनीज फुटलं असं समजायचं. ते आणखी फिरवून सुधारत नाही. स्वच्छ भांड्यात एक चमचा मोहरीची पेस्ट आणि एक मोठा चमचा पाणी घ्यायचं, त्यात फुटलेलं मिश्रण आधी थेंबथेंब, मग बारीक धारेने घालत घोटायचं. दोन मिनिटांत मिळून येतं.

तेलाबद्दल दोन गोष्टी. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ब्लेंडरच्या पात्यांखाली कडवट होतं, ते नकोच. आणि फ्रिजमध्ये गोठणारं तेलही नको. तेलाचे स्फटिक बनले की ते थेंबांभोवतीचा पडदा फाडतात आणि सॉस खोलीत आणल्यावर तेल वेगळं होतं. शेंगदाणा तेलाचं नेमकं हेच होतं. सोयाबीन, सूर्यफूल, कॅनोला ही तेलं थंडीत पातळच राहतात.

३० मार्च, रविवार

पाश्चराइज्ड अंडी मिळाली नाहीत तर बलक शिजवून घ्यायचा. दोन बलक (३६ ग्रॅम), ३० मिली पाणी, ३० मिली व्हिनेगर एका वाडग्यात फेटून, खाली मंद उकळतं पाणी ठेवून सतत ढवळायचं. थर्मामीटरवर ७१ अंश सेल्सिअस दिसलं की वाडगा लगेच थंड पाण्यात. नुसता बलक या तापमानाला घट्ट गोळा होतो, पाणी आणि आम्ल घातलेला होत नाही. तो कस्टर्डइतका दाट होतो आणि तेल धरायची ताकद शाबूत राहते. ७५ च्या वर गेलं तर कणी धरते, मग गाळणीतून काढावं लागतं. पूर्ण गार झाल्यावर ५ ग्रॅम मोहरीची पेस्ट, ४ ग्रॅम मीठ आणि २७५ ग्रॅम तेल. यात व्हिनेगर जास्त गेलंय, म्हणून सॉस करताना तिथलं व्हिनेगर १५ मिली कमी.

व्हिनेगरने अंड्यातले जंतू मरतात, म्हणून कच्चं अंडं चालतं, असं बरेच जण म्हणतात. आम्ल मदत करतं हे खरं. पण किती वेळात आणि किती, हे आम्लाचं प्रमाण आणि तापमान या दोन्हींवर ठरतं, आणि फ्रिजच्या थंडीत ते काम उलट मंदावतं. सॉस पाहुण्यांच्या पानात जाणार असेल तर पाश्चराइज्ड किंवा शिजवलेला बलक, एवढं पाळावंच.

५ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस व्हिनेगरचा. सगळा सॉस याच एका मापावर उभा आहे.

तीन वाडग्यांत १०० ग्रॅम मेयोनीज, त्यात ५ टक्के आम्लाचं पांढरं व्हिनेगर अनुक्रमे २०, ४० आणि ६० मिली. आमच्या मेयोनीजमध्ये तेल ७८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पहिल्या वाडग्यात तेलाचा वाटा ६५ टक्के उरला, दुसऱ्यात ५६, तिसऱ्यात ४९.

मेयोनीज दाट असतं ते तेलाचे थेंब एकमेकांना खेटून, चेपून बसलेले असतात म्हणून. त्यांना सरकायला जागाच नसते. पाण्याचा अंश वाढवला की थेंबांमध्ये वाट होते आणि मिश्रण वाहायला लागतं. २० मिलीचा वाडगा अजून मेयोनीजच आहे, जरा सैल. ४० मिलीचा सायीइतका. ६० मिलीचा पळीवाढा, चमचा उलटा केला की पाठीवर अखंड पातळ थर राहतो आणि त्यात बोटाने ओढलेली रेघ तीन-चार सेकंदांत कडेने भरत येते. आम्हाला हवा तो हाच.

पण ६० मिली नुसतं व्हिनेगर घशाला लागतं, खोकला येतो. म्हणून पातळपणा तेवढाच ठेवून द्रवाचा जवळजवळ तिसरा हिस्सा बदलला: थोडा सफरचंदाचा रस, थोडं लिंबू. हे माप पक्कं केलं:

मेयोनीज ३०० ग्रॅम
पांढरं व्हिनेगर (५ टक्के) १२० मिली
सफरचंदाचा रस ४० मिली
लिंबाचा रस १० मिली
बरणीतलं हॉर्सरॅडिश (नाकात चढणारं किसलेलं मूळ) १५ ग्रॅम
जाडसर मिरपूड ६ ग्रॅम
मीठ ४ ग्रॅम
लाल तिखट (केयेन) अर्धा ग्रॅम

जवळपास ४९५ ग्रॅम सॉस होतो. सफरचंदाच्या रसातून ४ ते ५ ग्रॅम साखर येतेच, वेगळी घालायची नाही. रस नसेल तर ४० मिली पाणी आणि ४ ग्रॅम साखर. आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर रंग साडेतीनच्या घरात आला.

क्रम महत्त्वाचा. मीठ आधी व्हिनेगरमध्ये पूर्ण विरघळवायचं. तेलाने भरलेल्या मिश्रणात मिठाचे खडे फार सावकाश विरघळतात, तासाभराने चाखलं तर सॉस अळणी वाटतो आणि माणूस आणखी मीठ घालून बसतो. मग वाडग्यात मेयोनीज आधी नुसतंच घोटून सैल करायचं आणि व्हिनेगर चार-पाच हप्त्यांत घालायचं, प्रत्येक हप्ता मिळून आल्यावर पुढचा. उलट केलं, म्हणजे व्हिनेगरच्या भांड्यात मेयोनीज टाकलं, तर पांढऱ्या गुठळ्या तरंगतात आणि व्हिस्कने कितीही मारलं तरी बारीक गुठळ्या राहतातच. यात ब्लेंडर वापरू नये. मिरी बारीक होऊन सॉस राखाडी होतो.

६ एप्रिल, रविवार

कालचा सॉस रात्रभर फ्रिजमध्ये. मिरी मुरली आहे. काल ती आधी दाताखाली यायची आणि मग लागायची, आज पहिल्या घोटातच आहे. मिरीचा तिखटपणा देणारं द्रव्य पाण्यात फारसं उतरत नाही, तेलात उतरतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून ताज्या सॉसमध्ये मिरी कमी वाटली तरी वाढवायची नाही. आदल्या रात्री करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ठरवायचं.

मिरी खलबत्त्यात कुटलेली बरी. मोठा दाणा चार-पाच तुकड्यांत फुटला पाहिजे. तयार पूड नको. ती सगळा सॉस मळकट करते आणि वास तर केव्हाच उडून गेलेला असतो.

१२ एप्रिल, शनिवार

कोंबडी.

१.७ किलोची अख्खी, कातडीसकट. कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढला, छातीचं हाड मधोमध फोडून दोन अर्धुकं केली. आदल्या रात्री मांसाच्या १.२ टक्के मीठ चोळून, न झाकता फ्रिजमध्ये. न झाकण्याचं कारण कातडी सुकावी. ओल्या कातडीवर धूर काजळीसारखा बसतो आणि ती चिवट राहते.

केटल ग्रिलमध्ये (झाकणाची गोल कोळशाची शेगडी) कोळसे एका बाजूला, कोंबडी दुसऱ्या बाजूला, कातडी वर. कोळशांवर हिकरीचे मुठीएवढे दोन तुकडे. झाकणाखाली १४० अंश सेल्सिअस. हॉटेलच्या भट्टीपेक्षा आम्ही आच जास्त ठेवतो. घरच्या छोट्या ग्रिलमध्ये १२० अंशांच्या खाली कातडी रबरासारखी होते, आणि सॉस त्या रबरावरून घसरतो. पाऊणे दोन तासांत छातीच्या जाड भागात ७४ अंश आले, मांडीत ८२. शेवटी तीन-चार मिनिटं कातडी खाली करून निखाऱ्यांवर धरली.

आता सॉस. दुप्पट मापाने केलेला, फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढलेला. त्यातला ६०० ग्रॅम बुडवायला उभट स्टीलच्या डब्यात, उरलेला पानात घ्यायला वेगळ्या बरणीत. ही वाटणी आधीच करायची. ज्यात कोंबडी बुडाली तो सॉस परत बरणीत जात नाही, उरला तर टाकून द्यायचा.

चिमट्याने तंगडी धरून अर्धुक बुडवलं, पाचपर्यंत मोजून बाहेर काढलं आणि ओघळ थांबेपर्यंत डब्यावरच धरलं. कातडीला सॉस लागताक्षणी चुरचुर होते आणि व्हिनेगरची वाफ सरळ नाकात जाते. हा वास म्हणजे आंबटपणा उडून चाललेला असतो, आणि चमच्यावर जरा जास्तच आंबट वाटणारा सॉस कोंबडीवर बरोबर बसतो त्याचं कारण हेच. मिनिटभराने पाहिलं तर पांढरा थर जवळजवळ पारदर्शक झालेला. कातडीच्या सुरकुत्यांत तो पांढराच राहतो, फुगीर जागी खालचा तांबूस रंग दिसतो, आणि मिरीचे तुकडे जिथे पडले तिथेच चिकटलेले.

घट्ट सॉसशी तुलना करायला दुसरं अर्धुक २० मिलीवाल्या मापात बुडवलं. दोन्ही बुडवण्याआधी, बुडवल्यावर लगेच आणि पाच मिनिटांनी काट्यावर ठेवली. पातळ सॉस ३८ ग्रॅम लागला, पाच मिनिटांनी ३३ उरला. घट्ट सॉस ७० ग्रॅम लागला आणि ३० उरला, बाकीचा सलग पापुद्र्यासारखा घसरून ताटात. शिवाय जो राहिला तो खाली मुरलाच नाही, नुसता वर बसला. घट्ट सॉसची हौस असेल तर तो वाटीत द्यावा, कोंबडीवर पातळच.

पहिलं अर्धुक काढल्यावर डब्यात वर पिवळे ठिपके तरंगतात. ते कोंबडीच्या चरबीचे. सॉस फुटलेला नसतो, एकदा ढवळायचं आणि पुढचं अर्धुक बुडवायचं.

१३ एप्रिल, रविवार

सॉस भाजतानाच ब्रशने लावला तर काय, हे तंगड्यांवर पाहिलं. थेट निखाऱ्यांवर लावला तर पाणी उडून जातं, अंडं गोठतं, तेल सुटतं. कातडी ओशट होते आणि तिच्यावर पांढऱ्या कण्या चिकटतात. वर तेल निखाऱ्यांवर पडून भडका होतो. कोळशांपासून लांब, शेवटच्या दहा मिनिटांत, एकच हात फिरवला तर हलका सोनेरी थर येतो आणि तो चांगला लागतो. टोमॅटोचा गोड सॉस अशा वेळी साखरेमुळे करपतो, हा करपत नाही. तरी शेवटी बुडवावं लागतंच, त्यामुळे आम्ही ब्रश ठेवून दिला.

भाजण्याआधी मुरवायला हा सॉस वापरायचा तर चार तासांपर्यंत. रात्रभर ठेवलेल्या मांसाचा वरचा थर आम्लाने पिठूळ होतो.

१९ एप्रिल, शनिवार

हॉर्सरॅडिश. मोहरी-मुळ्याच्या कुळातलं, बोटापेक्षा जाड, पांढरं मूळ. अख्खं असताना त्याला वास जवळजवळ नसतो. किसलं की पेशी फुटतात, आतलं सिनिग्रिन हे द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि नाकात चढणारं उडतं द्रव्य तयार होतं. आपली मोहरी फेसताना हेच होतं, द्रव्यसुद्धा तेच. ज्याने खलात मोहरी फेसली आहे त्याला हॉर्सरॅडिश वेगळं शिकवावं लागत नाही: पाणी गार हवं, झणका चढायला वेळ द्यायचा आणि आंबट घातलं की तो तिथेच थांबतो.

ताजं मूळ असेल तर किसून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग व्हिनेगर घालायचं. किसल्या किसल्या घातलं तर विकर लगेच बंद पडतं आणि चव सौम्य राहते. किसताना खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड लांब. बरणीतलं घ्यायचं तर नुसतं किसलेलं, व्हिनेगर आणि मिठातलं, फ्रिजच्या कपाटातलं घ्यावं. ‘क्रीमी’ लिहिलेल्या बरणीत आधीच तेल, साखर, स्टार्च असतात. उघडलेली बरणी दोन-तीन महिन्यांत मऊ पडते. वास घेऊन पाहायचा, नाकाला काही झालं नाही तर १५ ऐवजी २५ ग्रॅम.

पर्याय म्हणून मोहरी: काळी-तांबूस मोहरी ८ ग्रॅम कोरडी वाटून, २० मिली गार पाणी, झाकून दहा मिनिटं, मग सॉसच्या मापातलंच १० मिली व्हिनेगर. हे पाणी सॉसमध्ये जातंच, म्हणून सफरचंदाचा रस २० मिलीने कमी करायचा आणि २ ग्रॅम साखर घालायची. पहिल्या दिवशी मोहरी थोडी कडू लागते, दुसऱ्या दिवशी कडवटपणा बराच उतरतो. गरम पाण्यात कालवली तर विकर मरतं आणि हाती नुसता कडूपणा येतो. पिवळी मोहरी इथे कमी पडते. तिचा तिखटपणा जिभेवर राहतो, नाकापर्यंत जात नाही.

केवळ झणक्याचा विचार केला तर फेसलेली मोहरी हॉर्सरॅडिशच्या जवळपास शंभर टक्के जागी चालते. हॉर्सरॅडिशला जी किंचित गोडसर, मुळ्यासारखी चव आहे ती मात्र मोहरीत नाही.

२७ एप्रिल, रविवार

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात करणाऱ्यांसाठी फरक एका जागी लिहून ठेवतो.

व्हिनेगर. तिथल्या दुकानातलं पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा ४ टक्क्यांचं असतं, लेबल वाचावं. आम्ल तेवढंच हवं तर १२० मिलीच्या जागी १५० मिली, आणि वाढलेलं ३० मिली पाणी सफरचंदाच्या रसातून वजा. म्हणजे रस १० मिलीच उरतो, साखर ३ ग्रॅम घालायची. ही वजाबाकी केली नाही तर सॉस पाण्यासारखा होतो.

मेयोनीज. बाजारात अंड्याविना मेयोनीजचीच चलती आहे. त्यात स्टार्च, गोंद आणि बरीच साखर असते. ते व्हिनेगरने तितकं सैल होत नाही, आणि आंबटपणा दबतो. साखर आणि रस दोन्ही पूर्ण वगळायचे, व्हिनेगर १५० मिली ठेवायचं आणि दाट वाटला तर शेवटी पाणी, एका वेळी १० मिली. चव जरा बोथट येते, मिरी ८ ग्रॅम केली तर सावरते.

अंड्याचं घरी करायचं तर ३० मार्चची शिजवलेल्या बलकाची रीत. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली होती, आणि कारण खरंच आहे. उन्हाळ्यात गाडीवर तासन् तास बाहेर राहणारं कच्चं मेयोनीज धोक्याचं.

दुधाचंही होतं: गार दूध १०० मिली, सूर्यफूल तेल २०० मिली, हँड ब्लेंडर. व्हिनेगर १० मिली शेवटी, आधी घातलं तर दूध फाटतं. सॉसचं व्हिनेगर मात्र फार सावकाश घालावं लागतं, घाई केली तर बारीक कणी धरते.

हॉर्सरॅडिशच्या जागी फेसलेली मोहरी. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातले गोरे लोक शेवग्याचं मूळ किसून हॉर्सरॅडिशसारखं खात, त्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकांत तो पर्याय दिसतो. करू नये. शेवग्याच्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइड असतात.

कोंबडी तिकडे लहान येते, किलो-सव्वा किलोची, आणि बहुधा सोललेली. खाटकाला कातडीसकट हवी असं आधी सांगावं लागतं. सोललेलीच असेल तर वरून तेल लावायचं, १६० अंशांवर भाजायची आणि ७४ येताच काढायची. उघडं मांस सॉस जास्त पितं, तेव्हा बुडवण्याऐवजी पळीने घालावा. हिकरीऐवजी आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड. ओव्हनमध्ये भाजणार असाल तर शेवटी झाकलेल्या पातेल्यात निखाऱ्यावर तेलाचे दोन थेंब टाकून धुरी द्यायची, तीन मिनिटं पुरे. धुराशिवाय हा सॉस अर्धा वाटतो.

३ मे, शनिवार

टिकाऊपणा. विकतच्या मेयोनीजचा सॉस फ्रिजमध्ये ४ अंशांवर दोन आठवडे. घरच्या, शिजवलेल्या बलकाचा पाच दिवस. तिसऱ्या दिवसापासून बरणीच्या तळाशी बोटभर पाणी दिसतं. सॉस पातळ केल्यामुळे तेलाचे थेंब मोकळे झालेले असतात आणि पाण्यापेक्षा हलके म्हणून वर चढतात. थेंब एकमेकांत मिसळलेले नसतात, बरणी हलवली की पूर्ववत. झॅन्थन गोंद (दाटपणा आणणारी पूड) अर्धा ग्रॅम घालून पाहिला: पाणी वेगळं होत नाही, पण सॉस जिभेवर बुळबुळीत लागतो आणि कोंबडीवर त्याची तार धरते. त्यापेक्षा बरणी हलवलेली चांगली.

गोठवायचा नाही, वितळताना फुटतो आणि सुधारत नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको. पत्र्याच्या झाकणाला आतून आम्ल लागून गंज येतो, त्याखाली प्लास्टिकचा कागद घालावा. बाहेर मांडला तर दोन तासांत आत. इथल्या उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर गेला की एकच तास, किंवा वाटी बर्फाच्या ताटात.

उरलेल्या सॉसची कोबीची कोशिंबीर: बारीक चिरलेला कोबी ५०० ग्रॅम, त्याला ५ ग्रॅम मीठ चोळून वीस मिनिटांनी घट्ट पिळून काढायचा, मग सॉस १२० ग्रॅम. न पिळलेल्या कोबीला सॉस लावला तर अर्ध्या तासात पाणी सुटतं आणि सगळा सॉस तळाशी जातो. यात वरून मीठ घालायचं नाही.